आजीच्या कामाची एफडी होत नाही

(हिवरा आश्रम इथे कॉलेजच्या मुलामुलींसमोर झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

हिवरा आश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिलं काय येतं? विवेकानंद जयंतीचा महाप्रसाद. लांबच लांब पंगत, लाखो माणसं बसलेली आणि ट्रॅक्टरवरून पुरी आणि वांग्याची भाजी वाढत चाललेली. त्या पंगतीत एक गोष्ट तुम्ही कधी बघितली का? जेवण झाल्यावर आज्या उठतात कशा, ते. काही जणी मांडी सोडतात आणि हात न टेकता सरळ उभ्या राहतात. काही जणींना उठवायला दोन नाती लागतात. वय विचारलं तर दोघींचं सारखंच निघतं, पासष्ट.

आजचा विषय या दोन आज्यांचा आहे. साठीनंतर बाईचं शरीर किती हलतं, यावर तिच्या कॅन्सरच्या धोक्याचं काही ठरतं का? थोडक्यात उत्तर: हो, काही कॅन्सरच्या बाबतीत ठरतं. सगळ्या नाही. आणि हा 'काही' शब्द आज फार महत्त्वाचा आहे, तो शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. मी वाचते, विचारते आणि तुमच्यापर्यंत आणते. पण या विषयात मी आले ती माझ्या आत्यामुळे, म्हणून दोन मिनिटं तिच्याबद्दल.

माझी आत्या त्रेसष्ट वर्षांची. आयुष्यभर निंदण, कापूस वेचणं, सोयाबीन सोंगणं. तिच्या छातीत गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने कुणाला बोललीच नाही. शेवटी तिच्या सुनेला कळलं. मी तिला विचारलं, "आत्या, सांगितलं काहून नाही?" तर म्हणे, "मले वाटलं, काम करणाऱ्या बाईले असं काही होत नाही वो. ते बसून खाणाऱ्याले होते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. कारण त्यातलं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच आत्याचे आठ महिने खाल्ले.

आधी खरं असलेलं अर्धं बघू.

बाईची पाळी साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. तोपर्यंत इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी गेली की अंडाशय हे काम थांबवतं. मग इस्ट्रोजेन संपलं का? नाही. आता ते शरीरातल्या चरबीत तयार व्हायला लागतं. चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवतं. म्हणजे पोटावरची चरबी नुसती पडून राहिलेली नसते, तिथं छोटा कारखाना चालू असतो. चरबी जास्त, तर कारखाना मोठा. आणि स्तनाच्या व गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशींना हे इस्ट्रोजेन सारखं 'वाढा, वाढा' सांगत राहतं. पेशी जितक्या वेळा दुभंगणार, तितकी चूक व्हायची संधी जास्त.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. शरीर हललं नाही की स्नायू रक्तातली साखर नीट उचलत नाहीत. मग शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. हे वाढलेलं इन्सुलिनही पेशींना वाढायला लावतं. चालताना मांड्या आणि पोटऱ्या साखर ओढून घेतात, इन्सुलिन खाली येतं. तिसरी गोष्ट, शरीरात आतल्या आत धुमसणारी बारीक सूज. हालचालीनं तीही कमी होते. म्हणून वजनकाट्यावर एक किलोही कमी झाला नाही, तरी चालण्याचा फायदा वाया जात नाही.

आता अभ्यास काय सांगतात? अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचं मोठं संशोधन झालं. त्यातल्या ५० ते ७९ वयाच्या ७४ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायका आठवड्याला साधारण सव्वा ते अडीच तास झपझप चालण्याइतकी हालचाल करत होत्या, त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका अजिबात न हलणाऱ्या बायकांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी दिसला. सव्वा तास! आठवड्याला! रील बघण्यात आपला एवढा वेळ एका दिवसात जातो. त्यातली आणखी एक गोष्ट: सडपातळ बायकांनाही फायदा दिसला, उलट त्यांच्यात जास्तच दिसला. म्हणजे 'आमची आजी तर हाडकुळी आहे, तिला काय गरज' हे चालणार नाही.

२०१६ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. १४ लाखांवर स्त्री-पुरुषांची माहिती एकत्र करून २६ प्रकारचे कॅन्सर तपासले. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांमध्ये त्यातल्या १३ प्रकारांचा धोका कमी निघाला. गर्भाशयाच्या अस्तराचा २१ टक्क्यांनी, मोठ्या आतड्याचा १६ टक्क्यांनी, स्तनाचा १० टक्क्यांनी.

इथं थांबा. टक्के ऐकून फसायचं नाही. १८ टक्के कमी म्हणजे काय? नुसतं उदाहरण म्हणून समजा, न हलणाऱ्या हजार आज्यांपैकी दहा जणींना हा आजार होणार होता. चालणाऱ्या हजार जणींत तो साधारण आठ जणींना होईल. दोघी वाचल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण आठ जणी चालूनसुद्धा आजारी पडल्या. त्यांनी काही चुकवलं नव्हतं. माझी आत्या त्या आठांतली.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. चालणारी बाई बाकीच्या बाबतीतही तब्येत जपणारी असू शकते. संशोधक तो फरक गणितानं वजा करतात, पण पूर्ण वजा होतोच असं नाही. तरीही वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकाच बाजूला झुकतात आणि शरीरातलं कारणही जुळतं, म्हणून डॉक्टर मंडळी हे मानतात.

आता आपल्या मातीतला प्रश्न. "आमच्या आजीनं आयुष्यभर शेतात काम केलं. तो व्यायाम नाही का?"

आहे की! हालचाल ती हालचाल. शरीराला काय कळतं, हा ट्रॅक सूट आहे की लुगडं? बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिथले आकडे मुंबईशेजारी ठेवले तर खेड्यातल्या बायकांत स्तनाचा कॅन्सर बराच कमी दिसत आलाय. पण त्याचं सगळं श्रेय निंदणाला देऊ नका. लवकर बाळंतपणं, जास्त मुलं, वर्षानुवर्षं अंगावर पाजणं, याचाही त्यात मोठा वाटा आहे. आणि ते सगळं आता बदलत चाललंय.

खरी गोम पुढे आहे. पंचावन्न-साठीला आजीचं शेत सुटतं. गुडघे धरतात, मुलगा म्हणतो, "माय, आता घरीच राहा." नळ दारात आला, दळण गिरणीत, पाटा-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला. हे सगळं चांगलंच झालं. हंडे वाहून कुणाचं कल्याण झालं नव्हतं. पण काय होतं ना, तीस-चाळीस वर्षं सतत हललेली बाई एकदम ओसरीवर बसते. नातू सांभाळते, सिरियल बघते, जप करते. आणि नेमकं याच वयात कॅन्सरचा धोका वाढत असतो.

तिला वाटतं, मागं एवढं काम केलंय, ते जमा असेल. मित्रांनो, त्या कामाची एफडी होत नाही. मागच्या कामाचा थोडा फायदा राहतो, नाही असं नाही. पण स्नायू, साखर, इन्सुलिन यांचा हिशेब चालू खात्याचा आहे. या आठवड्यात किती हललो, तेवढंच त्यांना कळतं.

याची दुसरी बाजूही ऐका. ज्या आज्या आजही रोजंदारीनं निंदायला जातात, त्यांना कृपा करून 'रोज अर्धा तास चाला' सांगू नका. त्यांचा कोटा भरलेला आहे. त्यांना हवी विश्रांती, पोटभर जेवण आणि तपासणी. सल्ला देण्याआधी समोरच्या बाईचा दिवस बघा.

आता तुम्ही म्हणाल, साठीनंतर नव्यानं काय हलणार? तर लता भगवान करे हे नाव आठवा. मूळच्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामती तालुक्यात गेलेल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते. २०१३ मध्ये साठी ओलांडलेली ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत लुगडं नेसून, अनवाणी धावली आणि पहिली आली. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची खास दखल घेतली गेली. मी ही गोष्ट 'बघा, गरिबीत किती ताकद असते' म्हणून सांगत नाहीये. म्हाताऱ्या बाईला औषधासाठी धावावं लागणं ही काही अभिमानाची गोष्ट नाही. मला एवढंच म्हणायचंय, साठीच्या मराठी बाईच्या पायात किती दम असतो ते आपण बघितलंय. आणि तुमच्या आजीला तर धावायचंही नाही.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. मध्यम म्हणजे कसं ओळखायचं? सोपी खूण आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग निवांत म्हणता येतोय, तर वेग वाढवा. बोलताही येत नाही, तर कमी करा.

अर्धा तास एकदम नको. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं. मग पंधरा. सकाळी दहा, संध्याकाळी दहा असे तुकडे केले तरी चालतात. उन्हाळ्यात आपल्याकडे काय ऊन असतं ते मी सांगायला नको. सातच्या आत घरात परत. रस्त्याच्या कडेनं, ट्रॅक्टर-मोटारसायकलींच्या गर्दीत नको. शाळेचं मैदान किंवा मंदिराचं आवार बघा. पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट.

चालण्यासोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काहीतरी. खुर्चीवर बसायचं आणि हात न लावता उठायचं, दहा वेळा. एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून वर-खाली. आणि तोल जाऊ नये म्हणून भिंतीला धरून एका पायापुढे दुसरा पाय ठेवत चालायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, वाजवीपेक्षा जास्त दम लागला, तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर सुरू करायच्या आधीच विचारायचं.

हे सगळं सोपं वाटतं ना? पण अवघड भाग वेगळाच आहे. गावात बाई काही कारण नसताना रस्त्यानं चालली की लोक विचारतात, "कुठं चालली वो फिराले? कामधंदा नाही का?" आजी दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडतच नाही. माझ्या मते गुडघ्यापेक्षा हे दुखणं मोठं आहे. शेगावला पायी जायचं असलं की हीच आजी मैलोन् मैल चालते, कारण तिथं चालायला कारण आहे आणि सोबत आहे. मग आपण तिला कारण देऊ या. "आजी, मारुतीला जाऊ, चल." "आजी, मला रस्त्यानं तुझी जुनी गोष्ट रेकॉर्ड करायचीय." आणि सोबतीला शेजारच्या दोन आज्या. तिघी झाल्या की कुणी विचारत नाही.

आता तो 'काही' शब्द परत घेऊ. व्यायामानं पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यांचा धोका कमी होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मात्र एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो चालून थांबत नाही. तोंडाचा कॅन्सर तंबाखूनं होतो. आजी सकाळी पाच किलोमीटर चालली आणि घरी येऊन मशेरी लावली, तर त्या मशेरीचा हिशेब वेगळा लागणार. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, दात घासायची पावडर नाही.

म्हणून चालण्याच्या जोडीला तपासणी. आणि यातला सगळ्यात चांगला पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाखांवर बायकांवर अभ्यास केला. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं स्तनाची तपासणी करायच्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या शिकलेल्या हातानं! तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण निम्मे झाले.

आपल्याकडे तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. गावातल्या आशाताईंना विचारा, उपकेंद्रात विचारा. आजार निघालाच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. 'पैसे नाहीत म्हणून सांगितलंच नाही' असं होऊ देऊ नका.

आणि या खुणा पाठ करा, मुलांनो, तुम्हीसुद्धा. छातीत किंवा काखेत गाठ, दुखत नसली तरी. स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं. शौचातून रक्त, किंवा पोट साफ होण्याची सवय अचानक बदलणं. तोंडात न भरणारी जखम. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, अगदी थोडा डाग असला तरी. हे आज्या हसण्यावारी नेतात, "पुन्हा तरणी झाली मी" म्हणतात. ते हसण्यावारी न्यायचं नाही. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण दाखवायचंच. न दुखणारी गाठ जास्त धोक्याची असू शकते, हे आत्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मीसुद्धा सांगू शकले असते. मला माहीत होतं. मी तिच्याशी कधी या विषयावर बोललेच नव्हते.

आत्या आज कशी आहे? बरी आहे. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस पुन्हा आले. संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाते. आजारानंतरचं चालणंही वाया जात नाही. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन आणि केमोनंतर ज्यांना तीन वर्षं ठरवून व्यायाम करायला लावला, त्यांच्यात आजार परतण्याचा, नवा कॅन्सर होण्याचा किंवा मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी निघाला. हा निरीक्षणाचा नव्हता, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेला होता, म्हणून त्याचं वजन जास्त. तो आतड्याच्या कॅन्सरचा आहे, आत्याच्या आजाराचा नाही. हे मी आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग तं चालतोच ना मी, तू काहून नाही चालत?"

तर या आठवड्याचं काम. आज संध्याकाळी फोन घरी ठेवा आणि आजीला, आत्याला, आईला, जी असेल तिला घेऊन दहा मिनिटं चाला. चालताना एकच प्रश्न विचारा: "तुझी तपासणी कधी झाली होती?" बहुतेक उत्तर येईल, "मले काय झालं?" तिथून बोलायला सुरुवात करा. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी-शेजारी चालताना बोलता येतं. काय उत्तर आलं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ऐकवू, नाव न घेता.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि ऐकता ऐकता चालत राहा.